नकाशात नसलेला ओढा

आमच्या तलावाला तीन ओढे येऊन मिळतात. सरकारी नकाशात दोनच आहेत. उभी नोकरी मी मुलांना भूगोल शिकवला. उतार कसा ओळखायचा, पाणलोट म्हणजे काय, निळी रेघ कुठं जाड होते आणि कुठं तुटक होते, सगळं फळ्यावर काढून दाखवलं. पण नकाशात आहे म्हणजे ते तसंच असतं, हे वाक्य मी कधी तोंडातून काढलं नाही. मुलं विचारायची, बाई, मग नकाशा कशाला शिकायचा? मी सांगायचे, तो काढणारा कुठं कुठं गेला नव्हता हे कळायला. मुलं हसायची. मी विनोद करत नव्हते. आता सत्तरी उलटली, उस्मानपुऱ्यातल्या या घरात नळाला पाणी यायची वाट बघत बसते, आणि त्या नकाशावरचा राग अजून निवलेला नाही. निवावा असं मला वाटतही नाही.

तलाव शहराच्या उत्तरेला, डोंगरांच्या वाटीत. दक्षिणेच्या बाजूला दगडमातीची लांब पाळ, तिच्या पश्चिम टोकाला सांडवा, पूर्व टोकाला व्हॉल्व्हची विहीर आणि तिला लागून आमची चौकी. माझे वडील, अण्णा, त्या तलावाचे चौकीदार होते. आमच्या घराण्याची जमीन तलावात गेली म्हणून त्यांना ही नोकरी मिळाली होती. ज्या पाण्याखाली स्वतःचं शेत आहे त्याच पाण्यावर पहारा करायचा, असा तो हिशेब. इथून लोखंडी नळ छावणीकडं आणि पुढं शहराकडं जायचे. पाळीच्या उत्तरेला मात्र सगळं मोकळं. तिकडून ओढे यायचे. उजव्या हाताचा वाघओढा मुरमाड डोंगरातून यायचा, त्याचं पाणी तांबडं. मधला चिंचओढा खडकातून यायचा, त्याचं पाणी आरशासारखं. आणि डावीकडचा काळओढा वरच्या गावच्या काळ्या रानातून यायचा, त्याचं पाणी शाईसारखं. जोराचा पाऊस झाला की पाळीवर उभं राहून बघावं. तीन रंगांची तीन बोटं तलावात शिरलेली दिसायची, आणि बराच वेळ ती एकमेकांत मिसळायची नाहीत. अण्णा नुसता रंग बघून सांगायचे, कोणत्या रानात किती पडला.

चौकी दोन खोल्यांची. अण्णा, आई, मी आणि आत्या, म्हणजे अण्णांची थोरली बहीण, जिचा नवरा लग्नानंतर लवकरच वारला आणि जी मग कायमची माहेरी राहिली. घरात कायम पाण्याचा आवाज. व्हॉल्व्हच्या विहिरीतून पाणी नळात शिरताना घशात घोट अडकल्यासारखा गुडगुड आवाज यायचा. तो थांबला तर आम्हाला चुकल्यासारखं व्हायचं. सकाळी अण्णा दगडी पायऱ्या उतरून पट्टीवरची पातळी बघायचे आणि मोठ्यानं सांगायचे, मी ती पाटीवर लिहायची, मग ते कागदावर उतरवून दुधाच्या गाडीबरोबर शहरातल्या पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात पाठवायचे. तोवर आत्यानं चूल पेटवलेली असायची. तिच्या हातच्या येसराच्या आमटीचा वास पाळीच्या त्या टोकापर्यंत जायचा. भाजलेल्या ज्वारी-बाजरीच्या पिठाची ती दाट, तिखट आमटी, त्यात कुस्करलेली भाकरी, वर कच्च्या तेलाची धार. शहरात आल्यावर मी किती वेळा करून बघितली. माझ्या सुनेला आवडते, पण ती आत्याची नाही.

आत्याला अक्षरओळख नव्हती, आणि माझ्या आयुष्यातली भूगोलाची पहिली शिक्षिका तीच. उन्हाळ्यात तलाव मागं सरकला की ती मला घेऊन तळात उतरायची. भेगाळलेल्या गाळातून चालताना सांगायची, "हे आपलं खळं. ही पाटलाची हीर. इथं मारुतीचा पार. सुमे, इथून खाली पाय टाकू नको, इथं काळओढ्याचा डोह हाय, वरून वाळलाय पर आत लोण्यावानी." मला नुसता गाळ दिसायचा, तिला गाव दिसायचं. तलावाची मोजणी करायला साहेब लोक आले तेव्हा ती नवी नवरी होती. ते वैशाखात आले. तिच्या वडलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, त्यांना आमरसाचं जेवण घातलं. काळओढ्यात तेव्हा वाळू उडत होती. साहेबांनी विचारलं, याला पाणी असतं का? आजोबा म्हणाले, पावसाळ्यात बघा, बैल वाहून जातो. साहेबांनी मान हलवली आणि पुढं गेले. पावसाळ्यात बघायला कुणीच आलं नाही. आमरस खाल्ला आणि ओढा खाल्ला, असं आत्या म्हणायची.

मी दहावीत होते त्या वर्षी पाऊस बरा झाला, पण तलाव भरला नाही. पोळा झाला, गणपती गेले, आणि पाणी सांडव्याच्या कितीतरी खालीच राहिलं. तांबडं बोट दिसलं, आरशाचं दिसलं, काळं आलंच नाही. अण्णा रोज सकाळी पट्टीपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ उभे राहायचे. एका रविवारी आत्या मला म्हणाली, "चल, वड्याचं काय झालं बघून येऊ." भाकरी बांधून आम्ही काळओढ्याच्या कोरड्या पात्रातून वर चालत निघालो. पाऊण तास चाललो. मग पात्रच संपलं. जिथं दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे काठ होते तिथं सपाट, नांगरलेलं रान होतं, त्यात मोसंबीची नवी रोपं, आणि त्याच्या वर नवाकोरा मातीचा बांध. बांधामागं आमचं काळं पाणी तुडुंब साठलेलं. ते रान वरच्या गावच्या बापूसाहेबांचं. मोठं प्रस्थ, साहेब लोकांची ऊठबस त्यांच्याकडं. त्यांचा मुकादम झाडांना पाणी देत उभा होता.

"काय मावशी, कुणाकडं?" त्यानं विचारलं.

"वड्याकडं आले. वडा कुठं गेला?"

"कोन्ता वडा?"

"ज्याच्यात तू उभा हायस त्यो."

तो हसला. "इथं वडा नव्हताच कधी. हापिसात जाऊन नकाशा बघा."

 आत्यानं वाकून मूठभर काळी माती उचलली, त्यातला एक गुळगुळीत गोटा काढला आणि त्याच्या पायापाशी ठेवला. वाहत्या पाण्याशिवाय गोटा असा होत नाही, हे मी पुढं कॉलेजात पुस्तकात वाचलं.

अण्णांनी ऑफिसला कळवलं. सरळ, साध्या शब्दांत: काळओढा अडवला आहे, म्हणून तलाव भरत नाही. उत्तर आलं नाही. हिवाळा लागला तसे छावणीतले नळ एकदिवसाआड झाले, मग चार दिवसांनी एकदा. लोक ओरडायला लागले तेव्हा साहेबांची जीप आली, आणि अण्णांवरच आळ आला. चौकीदार व्हॉल्व्ह उघडून खालच्या रानांना, आपल्या भाऊबंदांना पाणी सोडतो, म्हणून तलाव रिकामा. चौकशी होईपर्यंत अण्णांना कामावरून दूर केलं. ज्या माणसानं स्वतःच्या परसातल्या मिरच्यांना कधी तलावाचं पाणी घातलं नाही, आडातून शेंदून घातलं, त्याला चोर ठरवलं. शाळेत एका मुलीनं मला सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्याकडं तर पाणी रोज येत असंल ना?" मी तिची वही फाडली. बाईंनी मला वर्गाबाहेर उभं केलं. ती शिक्षा मला मान्य नव्हती, आजही नाही.

चौकशी आमच्या ओट्यावरच झाली. साहेब खुर्चीवर, बाजूला कारकून, मधे टेबलावर नकाशा पसरलेला. अण्णा उभे. साहेबांनी विचारलं, "तिसरा ओढा कुठं आहे यात? दाखवा."

"यात नाही साहेब. जमिनीवर आहे. पाऊण तास चालावं लागेल, मी दाखवतो."

"मला चालायला वेळ नाही. नकाशात नाही म्हणजे नाही."

आत्या दारात उभी होती. ती म्हणाली, "साहेब, तुमच्या नकाशात मी हाय का?"

"तुमचा काय संबंध?"

"नसंल ना? तरी उभी हाय न्हवं इथं."

कारकून गालात हसला, साहेबांनी त्याच्याकडं बघितल्यावर गप्प झाला. मी आतून शाळेसाठी काढलेला तलावाचा माझा नकाशा घेऊन आले. तिन्ही ओढे, रंगीत खडूंनी, वाकणांसकट. साहेबांनी तो हातातही घेतला नाही. "मुलीचं चित्र छान आहे," म्हणाले. एवढ्या वर्षांत माझा अपमान पुष्कळ झाला. ते कौतुक मात्र सगळ्यांत जास्त झोंबलं.

मग जाता जाता साहेबांनी तोड सुचवली. अण्णांनी लिहून द्यायचं की व्हॉल्व्ह नजरचुकीनं उघडा राहिला होता, आणि तिसऱ्या ओढ्याबद्दल जे सांगितलं ते चुकीचं होतं, असा ओढा तिथं नाही. तेवढी सही केली की परत कामावर. नाही तर आठ दिवसांत चौकी खाली करायची. साहेब गेल्यावर घरात कुणी जेवलं नाही. आई म्हणाली, "करा सही. कागदानं वडा आटत नाय अन् चोर ठरून गावोगाव हिंडणं माझ्यानं होणार नाय. पोरीची दहावी हाय." आत्या चुलीपुढं पाठ करून बसली. अण्णा तीन दिवस पाळीवर येरझाऱ्या घालत राहिले आणि चौथ्या दिवशी ऑफिसात जाऊन सही करून आले. आईचं चुकलं असं मी आज म्हणणार नाही. जाणार कुठं होतो आम्ही? जमीन पाण्याखाली होती. पण तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. मी अण्णांशी बोलणं टाकलं. काही हवं असलं तर आईला सांगायचे, आई त्यांना सांगायची. सकाळी ते पातळी सांगायचे आणि मी न बोलता पाटीवर लिहायची. त्यांनी मला एकदाही रागावून विचारलं नाही.

उन्हाळ्यात बापूसाहेबांनी मोसंबीच्या राखणीला एक धनगर कुटुंब ठेवलं. रामा, त्याची बायको सखू आणि दीड-दोन वर्षांची मुलगी. सखू शेळीचं दूध घेऊन आमच्याकडं यायची, आत्याशी तास तास बोलायची. त्यांना झोपडी बांधायला जागा दिली ती बांधाच्या खाली, काळओढ्याच्या बुजवलेल्या पात्रात. सपाट, मऊ, वाऱ्यापासून आडोशाची जागा. अण्णांना कळलं तसे ते स्वतः चालत गेले आणि रामाला सांगून आले, "इथं राहू नको. हा ओढा आहे. बांध कच्चा आहे, पाऊस जोराचा झाला तर तो धरणार नाही. वर काठावर बांध." रामा हो म्हणाला. झोपडी मात्र तिथंच उभी राहिली, वर पत्रे चढले. सखूला आत्यानं विचारलं तर ती म्हणाली, "मालकांचा मुकादम म्हणतो काय भ्यायचं नाय." आम्हाला त्याचं कोडं पडलं, पण अण्णा पुन्हा गेले नाहीत. का गेले नाहीत, ते मला माहीत आहे. आपणच लिहून दिलेल्याविरुद्ध किती वेळा बोलायचं, याची त्यांना लाज वाटत होती.

भाद्रपदात सलग तीन दिवस पाऊस लागला. तिसऱ्या दिवशी दुपारी थोडी उघडीप होती. अण्णा पट्टीपाशी उभे होते, मी पाळीवर. डाव्या हाताला, जिथं दोन पावसाळे काही आलं नव्हतं, तिथं पाण्यात एक काळा डाग दिसला आणि बघता बघता पसरला. अण्णांनी मान वर केली. ते पायऱ्या चढून धावत सुटले तेव्हा त्यांच्या पायात चपलाही नव्हत्या. मी आणि आत्या मागून. उत्तरेच्या काठानं, बाभळींतून, चिखलातून. आम्ही पोचलो तेव्हा ओढा आपल्या जुन्या जागी आला होता. नांगरलेलं रान, मोसंबीची झाडं, सगळं उपटून, वळण न वळण तेच घेऊन तो चालला होता. झोपडी मधोमध. रामा शेळ्या घेऊन डोंगरावर गेलेला. अण्णा छातीभर पाण्यातून पोचले, सखूनं दारातून मुलगी त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती काठावर आणून आत्याच्या पदरात टाकली आणि परत वळले. तेवढ्यात भिंत बसली. पत्र्याचा एक मोठा आवाज झाला. सखू दुसऱ्या दिवशी सापडली, तलावात, आत्या जिथं मला पाय टाकू नको म्हणायची त्या डोहापाशी.

पंचनाम्याला तेच साहेब आले. कारकुनानं लिहिलेलं त्यांनी वाचून दाखवलं: अतिवृष्टीमुळं शेतातल्या सखल भागात पाणी साचून झोपडी पडली, नैसर्गिक आपत्ती. बांधाचं नाव नाही, ओढ्याचं नाही. डोळ्यांसमोर तो खळाळत होता, साहेबांना आवाज चढवून वाचावं लागत होतं, इतका. अण्णा पुढं झाले.

"साहेब, ओढा नाही असं मी लिहून दिलं होतं. ते खोटं आहे. तो कागद मला परत द्या, नाही तर माझ्यावर गुन्हा लिहा."

साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अहो, तुमचा काय दोष? देवाची करणी आहे. तुम्ही तर मुलगी वाचवलीत. तुमचं नाव मी वर कळवणार आहे."

काही केलं नव्हतं तेव्हा गुन्हेगार, आणि गुन्हा कबूल करायला उभे राहिले तेव्हा शाबासकी. अण्णांनी खांद्यावरचा हात काढून टाकला. दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात गेले, संध्याकाळी बंद होईपर्यंत बाकावर बसून राहिले, पुढचे तीन दिवसही तेच. कारकुनानं शेवटी सांगितलं, "चाचा, सही दी सो दी. ती परत घेता येत नाही. घर जाव."

मागच्या वर्षी माझा पुतण्या, तो बजाजनगरला राहतो, मला मोटारीनं तिकडं घेऊन गेला. काळओढ्यावर आता प्लॉट पाडलेत. पांढऱ्या चुन्याच्या रेघा, कोपऱ्यात ऑफिस, भिंतीवर नकाशा. मी त्या तरुण मुलाला विचारलं, इथं पाणी येतं का? तो म्हणाला, "मॅडम, चोवीस तास." मी म्हटलं, नळाचं विचारत नाही. त्यानं भिंतीवरच्या नकाशाकडं बोट दाखवलं. त्यात अजून दोनच ओढे आहेत. मी तिथं फार मोठ्यानं बोलले, पुतण्यानं मला हाताला धरून गाडीत बसवलं. मोठ्यानं बोलल्याचं मला काही वाटत नाही. मी त्यानंतर तीन अर्ज केलेत, चौथा या आठवड्यात करणार आहे.

सखूच्या तेराव्यानंतर अण्णा रामाकडं जायला लागले. काठाच्या वर, उंचावर, दोघं मिळून दगडाची भिंत रचत होते. मुलगी आत्यापाशी असायची. एक दिवस दुपारी आईनं भाकरी-येसर बांधून माझ्या हातात दिलं. मी गेले तेव्हा दोघं भिंतीशी पाठ करून बसले होते, आणि अण्णा काहीतरी सांगत होते. मी थोडी मागंच थांबले.

"रामा, तो कागद मी लिहून दिला होता," अण्णा म्हणाले. "भीतीपोटी. तुला हे माझ्या तोंडून कळावं म्हणून सांगतो."

रामा बराच वेळ दगडावरची माती नखानं काढत राहिला. "मला ठावं हाय, अण्णा. तुमी सांगून गेला ना, त्याच्या दुसऱ्या दिशी मुकादमानं तुमच्या कागदाची नक्कल आणून वाचून दावली. सखू म्हणाली, अण्णा तर राहू नको म्हणून गेले. मीच म्हणलं तिला, बोलण्यात माणूस काय बी बोलतो. पर अण्णा लिवून देतील ते खोटं नसणार."

त्याच्या आवाजात राग अजिबात नव्हता. अण्णा हातातला दगड तसाच धरून बसले. मी पुढं जाऊन दोघांच्या मधे फडकं सोडलं. दहा महिन्यांनी मी त्यांच्याशी बोलले.

"अण्णा, जेवून घ्या."

त्यांनी माझ्याकडं बघितलं. दगड खाली ठेवला, हाताची माती धोतराला पुसली.

"रामाला आधी वाढ," ते म्हणाले.